तालमीतल्या फोटोंसाठी खिशात मावणारा कॅमेरा, आणि रॉ फाइलचं काय करायचं?

लालमाती | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचे आबा वस्ताद. वय ७६. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या तालमीत अजून पहाटे साडेचारला हजर असतात. वर्षभर तिथली रोजची मेहनत टिपून ठेवायची असं मी ठरवलंय. हौद खणणं, मातीत तेल-ताक-हळद-काव मिसळणं, पोरांचे जोर, लढती, आणि आबा एखाद्याचं मनगट धरून घिस्सा कसा मारायचा ते दाखवतात ते. हे सगळं आज ना उद्या बंद होणार, आणि माझ्याकडे त्यातलं काहीच नसेल, ही रुखरुख आहे.

दोन महिने मोबाइलवर काढून बघितलं. हौदातली तांबडी माती करडी-तपकिरी येते, पोरांची अंगं हिरवट दिसतात, आणि झटापट सुरू झाली की हातापायांच्या जागी नुसता लगदा. फ्लॅश मारायचा नाही ही आबांची अट. डोळ्यांवर एकदम उजेड आला आणि पोराचा हात चुकला तर मान दुखावेल, असं ते म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

मोठा डीएसएलआर नको. मित्राचा नेऊन बघितला, तर सगळी पोरं मेहनत सोडून छाती काढून उभी राहिली. खिशातून काढावा, फोटो घ्यावा, परत खिशात, असं हवंय. बजेट ३५ हजार, वापरलेला चालेल. रॉमध्ये काढा असं सगळे सांगतात, पण रॉ म्हणजे नेमकं काय ते कुणी नीट समजावत नाही. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे.

---

तांबडारस्सा | सोमवार, रात्री १०.०५

भावा, विषय लई भारी. पण एवढ्या पैशात चांगला मोबाइल येतोय की. हल्लीचे मोबाइल अंधारात पण झकास काढतात.

---

सावली_उजेड | सोमवार, रात्री ११.२०

तांबडारस्सा, स्थिर विषयाला मोबाइल खरंच चांगला आहे. पण अंधारात तो एकाच क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो. देऊळ जागचं हलत नाही, पैलवान हलतो. दोन फ्रेमच्या मधे हात वीतभर सरकला की जोडणी फसते. लालमाती म्हणतात तो लगदा बहुतेक त्यातूनच येतो.

लालमाती, तुम्ही आधी सेन्सरचं क्षेत्रफळ बघा, मेगापिक्सेल नंतर. स्वस्त कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर ६.१७ × ४.५५ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर. त्यातल्या बहुतेकांत रॉची सोयही नसते. ज्याला 'एक इंची' म्हणतात तो १३.२ × ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. (मोजून तो एक इंच भरत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांच्या मापावरून ते नाव चालत आलंय.) चौपट जागा म्हणजे तेवढ्याच वेळात चौपट उजेड गोळा. तालमीत तुम्हाला हेच पाहिजे.

तुमच्या बजेटात वापरलेले दोन शोधा. सोनीचा आरएक्स१०० मार्क ३, २०१४ चा: झूम २४ ते ७० मिलिमीटर (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), एफ १.८ ते २.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, वजन २९० ग्रॅम. किंवा कॅननचा जी७ एक्स मार्क २, २०१६ चा: २४ ते १००, तोच एफ १.८ ते २.८, टचस्क्रीन चांगला, व्ह्यूफाइंडर नाही. दोन्हींत २० मेगापिक्सेल आणि रॉ. हौदाच्या काठावर दहा-पंधरा फुटांवरून ७० पुरेल.

खासबागच्या मैदानात वरच्या पायरीवर बसून कुस्ती टिपायची असती तर २०० पर्यंत जाणारा आरएक्स१०० मार्क ६ सुचवला असता. पण त्याची लेन्स लांब टोकाला एफ ४.५ होते. एफ २.८ च्या मानानं निम्म्याहून कमी उजेड आत येतो. तालमीत ते परवडायचं नाही.

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, सकाळी ७.१५

बाबूराव पेंटरांनी १९१८ साली ज्या गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या गावात हा धागा निघाला याचा आनंद झाला.

माझं मत वेगळं. झूम सोडा, रिकोचा जीआर बघा. मी घाटावर आणि पापाच्या तिकटीला जुना जीआर २ वापरतो. मोठ्या डीएसएलआरमध्ये असतो तो एपीएस-सी सेन्सर, ३६० चौरस मिलिमीटरच्या पुढे. एक इंचीच्या तिप्पट. फिक्स २८ मिलिमीटर, आणि रॉ थेट डीएनजीत, म्हणजे बहुतेक सॉफ्टवेअरना कळणाऱ्या प्रकारात, त्यामुळे फाइल उघडायची कटकट नाही. चप्पल शिवणाऱ्या कारागिरासमोर दीड फुटावर बसून काढतो, तो मान वर करून बघतही नाही.

---

सावली_उजेड | मंगळवार, सकाळी ९.३०

काका, तुमचे घाटावरचे फोटो मी जपून ठेवलेत. पण तालमीतले फोटो २८ नं काढायचे तर हौदात उतरावं लागेल. लढत चालू असताना ते कसं जमेल? शिवाय जीआरची लेन्स एफ २.८. एक इंची कॅमेरा रुंद टोकाला एफ १.८ देतो, म्हणजे लेन्स अडीचपट उजेड आत घेते आणि सेन्सरमधला फरक बराचसा भरून निघतो.

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, सकाळी ९.५२

हौदात उतरायचं नाही हे मान्य. तालमीत चपला घालून काठावरही जात नाहीत, हे माझ्या ध्यानातून सुटलं होतं. झूमच घ्या.

---

चैत्रयात्रा | मंगळवार, दुपारी १.१०

लालमाती दादा, कुठलाही घ्या, पण ही गोष्ट आधी वाचा.

मी दर चैत्रात जोतिबाला सासनकाठ्यांचे फोटो काढते. पहिल्या वर्षी कॉम्पॅक्ट कॅमेरा उघडाच घेऊन वाडी रत्नागिरीत फिरले. गुलाल पावसासारखा पडत होता. खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स नळीसारखी बाहेर येते आणि बंद केला की आत जाते. आत जाताना नळीवरची पूड सोबत नेते. संध्याकाळी घरी येऊन चालू केला तर कर्रर्र आवाज झाला, लेन्स अर्ध्यातच अडकली. दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवलं. आतल्या प्लास्टिकच्या बारक्या दात्यांवर गुलाबी थर बसला होता. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे सेन्सरवरचा कणही घरी पुसता येत नाही. तो कॅमेरा गेला तो गेलाच.

तुमच्या तालमीत माती कोरडी असली की उडतेच. आता मी जाड प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सएवढं भोक पाडते, कडा रबर बँडनं नळीवर घट्ट करते. आणि बंद करण्याआधी, लेन्स बाहेर असतानाच, कॅमेरा खाली तोंड करून धरते, रबरी ब्लोअरनं चारदा फुंकते, मऊ ब्रशनं नळीचा गोल पुसते, मगच बटण दाबते. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचा ओलावा धूळ चिकटवतो.

रॉचं महत्त्व मला गुलालानंच शिकवलं. माझ्या जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेरा स्वतःच तयार करून देतो त्या नेहमीच्या फोटोत, गुलालाचा ढग म्हणजे सपाट गुलाबी डाग असायचा, ना कण ना घडी. त्याच क्षणाच्या रॉमध्ये ढगाचे पदर दिसले.

---

लालमाती | मंगळवार, रात्री ८.३०

चैत्रयात्रा ताई, पिशवीचं लगेच लिहून ठेवलं. पण एकाच फोटोत जेपेगला जे दिसत नाही ते रॉला कसं दिसतं? हेच मला कळत नाही.

---

सावली_उजेड | मंगळवार, रात्री ११.०५

निवांत लिहितो, कारण तुमच्या मातीचं उत्तरही यातच आहे.

सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती आला एवढं कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एकेक रंगीत काच बसवलेली असते: निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव ठिपक्यांवर लाल, उरलेल्या पावावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी काढली, १९७६ चं पेटंट आहे. रॉ फाइल म्हणजे या ठिपक्यांवर मोजलेल्या आकड्यांची वही. रंग अजून ठरलेला नाही. १२ बिटांत प्रत्येक ठिपक्याला ४०९६ पायऱ्या मिळतात, १४ बिटांत १६,३८४. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६, म्हणजे ० ते २५५.

कॅमेरा जेपेग करतो तेव्हा शेजारच्या ठिपक्यांवरून उरलेले रंग भरतो, व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा तोल लावतो, रंग चढवतो, नॉइज म्हणजे दाणे पुसतो आणि उरलेलं टाकून देतो. आता गुलाल घ्या. दिवसाच्या उजेडात सेन्सरवर लालाचा आकडा हिरव्याच्या मानानं कमी येतो. पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा लालाला ढोबळमानानं दुपटीनं गुणतो, वर रंग खुलवतो. आधीच लालभडक असलेला गुलाल तिथं २५५ च्या छताला जाऊन भिडतो. सगळे पदर एकाच आकड्याला आले की सपाट डाग. रॉच्या वहीत मात्र गुणाकार झालेलाच नाही. तिथं ते आकडे छताच्या खाली, वेगवेगळे, शाबूत असतात.

मातीचं उलटं होतं. चौकटीचा अर्धाअधिक भाग तांबडा दिसला की ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं उजेडच तांबडा आहे. तो फोटो निळ्या-हिरव्याकडे ढकलतो. म्हणून माती करडी आणि अंगं हिरवट. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फाइलीत लिहिलेली नुसती नोंद असते, नंतर बदलली तरी काही बिघडत नाही. तालमीच्या दारात, जिथं बाहेरचा उजेड येतो, तिथं करड्या पुठ्ठ्याचा एक फोटो घ्या. फोटोच्या सामानाच्या दुकानात ग्रे कार्ड मिळतं. त्यावरून ठरलेलं माप त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना एकदम लावता येतं. हौदाच्या अगदी काठावर कार्ड धरू नका. मातीवरून उसळलेला तांबूस उजेड त्यावर पडतो.

आणखी एक. मागच्या स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) रॉचा नसतो, जेपेगचा असतो. लाल टोकाला आपटलेला दिसला म्हणजे रॉ गेलाच असं नाही. तरी सुरुवातीला थोडा अंधारा ठेवा. दाणे कमी करता येतात, छताला भिडलेला आकडा परत आणता येत नाही.

सॉफ्टवेअर फुकट आहे: डार्कटेबल किंवा रॉथेरपी. तुमच्या आठ जीबीवर दोन्ही चालतील, डार्कटेबल जरा रेंगाळेल.

---

पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी ६.५०

एवढं सोप्या मराठीत मी कुठं वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

गुऱ्हाळघर | बुधवार, दुपारी ३.२५

वापरलेला घ्यायला जाताना:

दहा-बारा वेळा चालू-बंद करा, कान लावून. लेन्स एका लयीत बाहेर आली पाहिजे. अडखळली, खरखरली तर हात जोडून निघा, किंमत कितीही उतरवली तरी. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे म्हणजे बुरशी. आपल्याकडे चार महिने पाऊस, कपाटात ठेवलेल्या लेन्सना ती लागतेच. मग पांढऱ्या भिंतीचा एफ ११ ला फोटो घ्या, पूर्ण मोठा करून बघा. त्याच जागी दरवेळी राखाडी ठिपका येत असेल तर सेन्सरवर धूळ आहे. स्वतःचं कार्ड न्या, रॉ चालू करून चार फोटो घ्या आणि घरी उघडून बघूनच पैसे द्या.

आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. माझा गुऱ्हाळात फिरतो. काहिलीच्या वाफेतून निघाला की लगेच बॅगेत टाकत नाही, आधी कोरडा होऊ देते.

---

लालमाती | दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.००

आरएक्स१०० मार्क ३ मिळाला. राजारामपुरीतल्या एका गृहस्थांनी जपून वापरलेला, बजेटात बसला. गुऱ्हाळघर ताईंच्या सगळ्या चाचण्या केल्या. पहिला कॅमेरा याच चाचण्यांत नापास झाला होता, लेन्समध्ये धागे निघाले.

आज पहाटे पहिल्यांदा नेला. पोरांनी पाच मिनिटांनी दुर्लक्ष केलं. पण एक घोळ आहे. वेग पकडायला शटर १/६४० सेकंद ठेवला, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००. सलग दहा फोटोंत चार बरोबर, तीन अंधारे, तीन पिवळट. सेटिंग एकच, जागा एकच. कॅमेरा फसवा निघाला का?

---

सावली_उजेड | रविवार, दुपारी १२.१५

कॅमेरा ठणठणीत आहे. तालमीत ट्यूबलाइट आहेत ना, जुन्या चोकच्या? आपली वीज ५० हर्ट्झची. असा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. मंदावताना रंगही पिवळटतो. १/६४० म्हणजे त्या एका लाटेचा छोटासा तुकडा. कधी माथा हाती लागतो, कधी खळगा. १/१०० ला बरोबर एक लाट मावते, म्हणून दर फोटो सारखा येतो. स्वस्त एलईडीचंही असंच होतं.

१/१०० ला धावता हात पुसट येणार. पण प्रत्येक डावात थांबा असतो. ढाक मारायच्या आधी दोघं एकमेकांना तोलून धरतात, तो अर्धा सेकंद. तुम्ही वस्तादांच्या घरातले, तो क्षण तुम्हाला आमच्यापेक्षा आधी कळेल. आणि तुमच्या कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटरच आहे हे बरं, इलेक्ट्रॉनिकवर याच दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात.

---

चैत्रयात्रा | रविवार, दुपारी १२.४०

छप्पर कौलारू आहे का? काचेची कौलं असतील तर ऊन वर आल्यावर ट्यूब बंद करायला सांगा. मग हवा तो शटर ठेवा.

---

लालमाती | रविवार, दुपारी १.०५

दोन काचेची कौलं आहेत, काजळी धरलेली! उद्याच शिडी लावतो.

---

गुऱ्हाळघर | रविवार, रात्री ९.१०

दादा, आता संपादन सुरू कराल, म्हणून सांगते. डार्कटेबल मूळ रॉला हात लावत नाही. तुम्ही केलेले सगळे बदल शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलीत लिहितं. मला हे ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी डिस्क बदलताना 'या किरकोळ फाइली कशाला' म्हणून फक्त रॉ उचलल्या आणि जुनी डिस्क पुसली. तीन महिन्यांचं काम गेलं. मूळ फोटो राहिले, पण काहिलीतल्या रसाचा तो सोनेरी रंग परत तसा जमला नाही. रॉ आणि एक्सएमपी जोडीनंच हलवा, नावही बदलायचं तर जोडीनं. प्रती दोन, वेगळ्या डिस्कवर, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी. एक रॉ साधारण २० एमबीची. वर्षभराचे दहा हजार फोटो धरले तरी २०० जीबी होतात.

---

लालमाती | सहा आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.३०

सगळ्यांना कळवायचं होतं.

कौलं घासून धुतली. साडेसातला उन्हाचा एक तिरका झोत थेट हौदात पडतो. ट्यूब बंद, १/५००, एफ २.८, आयएसओ १६००. दाराशी घेतलेल्या ग्रे कार्डाचं माप सगळ्यांना लावलं आणि पहिल्यांदा माती तांबडी दिसली. डार्कटेबलमध्ये लालाचा चढेपणा थोडा उतरवला, कारण उन्हात माती सपाट होत होती. डिनॉइज या दाणे पुसायच्या सोयीत रंगीत ठिपके पुसले, बारीक दाणा तसाच ठेवला. सगळा पुसला की पोरांची कातडी मेणाची वाटायला लागते.

एक फोटो १२ × १८ इंचांत छापून घेतला. ५४७२ × ३६४८ पिक्सेल त्या मापाला ३०० डीपीआयनं बरोबर पुरतात. कागद मॅट घेतला. चकचकीत कागदावर तालमीतल्या दिव्याची तिरीप पडते, हे छापणाऱ्यानंच सुचवलं. फोटोत आबा गुडघ्यावर बसून एका पोराची टाच मातीत कुठं रोवायची ते बोटानं दाखवतायत.

आबांनी चष्मा काढून, फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला. स्वतःकडे नाही, खाली, टाचेजवळ. तिथं मातीचे खडे सुटे दिसतात, एकेक वेगळा. म्हणाले, "मंगळवारचा हाय न्हवं ह्यो? त्या दिशी हौदाला पाणी कमी मारलंतं पोरांनी."

तारीख बघितली. मंगळवारच होता.

---

पंचगंगाकाठ | रविवार, सकाळी ६.४०

लालमाती, पावसाळ्यापूर्वी हौद खणतात त्या दिवशी मला बोलवाल का? जीआर घेऊन येतो. चपला दारातच काढीन.

---

लालमाती | रविवार, सकाळी ७.०५

काका, आवर्जून या. आबांना सांगून ठेवतो. पहाटे पाचला यावं लागेल, आणि पिशवी-रबर बँड माझ्याकडे जादाचे आहेत.